बेवारस देह आणि बेवारस नोंदी

गेल्या काही वर्षांत वैद्यकीय महाविद्यालयांच्या जाहिरातींतून एक नवे छायाचित्र वारंवार दिसू लागले आहे. जेवणाच्या मेजाएवढा काचेचा पडदा, त्यावर आडवा पसरलेला मनुष्यदेह आणि भोवती पांढऱ्या कोटातील तरुण मुले-मुली. पडद्यावर बोट फिरवले की कातडी बाजूला होते, पुन्हा फिरवले की स्नायू, मग रक्तवाहिन्या, मग हाडे. रक्ताचा थेंब नाही, फॉर्मॅलिनचा डोळ्यांना झोंबणारा वास नाही. वार्षिक शुल्काचा आकडा या छायाचित्राखाली नसतो. तो पुढल्या पानावर, बारीक अक्षरांत असतो. या मेजापाठोपाठ शिकवणीची इतरही साधने येत आहेत. त्यांत चित्र, चलच्चित्र, ध्वनी आणि मजकूर एकत्र गुंफलेले असतात, आणि विद्यार्थ्याने काही विचारले, काही निवडले, तरच पुढचा भाग उघडतो. यांना संवादी बहुमाध्यम सॉफ्टवेअर म्हणतात. दुसऱ्या बाजूला, रुग्णालयाच्या खिडकीवर हाताने केसपेपर लिहिणाऱ्या कारकुनासमोर संगणक आला आहे आणि रुग्णाच्या हाती चौदा अंकी क्रमांक पडू लागला आहे.

या दोन घटनांची चर्चा नेहमी वेगवेगळी होते. शिक्षणाची चर्चा प्राध्यापक करतात, नोंदींची चर्चा संगणक-खात्याचे अधिकारी करतात. दोहोंचा कच्चा माल मात्र एकाच ठिकाणाहून येतो: सार्वजनिक रुग्णालयाच्या खाटेवर पडलेल्या गरीब माणसाच्या देहातून आणि दुखण्यातून. त्या मालाची मालकी कोणाची, त्यापासून तयार झालेले ज्ञान कोणाकडे जाते आणि किती किमतीला परत येते, हा प्रश्न राजकीय आहे. तो तज्ज्ञांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. यंत्र चांगले की वाईट, हा वाद श्रमिक चळवळीने फार पूर्वी निकालात काढला. यंत्र कोणाच्या हाती, एवढेच विचारायचे उरते.

पडद्यावर दिसणारा देह मुळात कोणाचा, येथून सुरुवात करू. संगणकीय शरीररचनाशास्त्राचा पाया ज्या सामग्रीवर घातला गेला ती अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने सरकारी पैशातून तयार करवली. 'व्हिजिबल ह्यूमन' हे त्या प्रकल्पाचे नाव. १९९४ साली प्रसिद्ध झालेला पहिला देह जोसेफ पॉल जर्निगन याचा होता. टेक्सास राज्यात खुनाच्या आरोपाखाली त्याला मृत्युदंड झाला आणि १९९३ साली विषारी इंजेक्शन देऊन तो अमलात आणला गेला. त्याचा देह गोठवून एकेक मिलिमीटर जाडीचा थर खरवडत नेला आणि प्रत्येक थराचे छायाचित्र घेतले. अशी १८७१ छायाचित्रे झाली. पुढल्या वर्षी एका स्त्रीचा देह याहूनही बारीक थरांत प्रसिद्ध झाला. तिचे नाव जाहीर केले गेले नाही. देह विज्ञानाला देण्यास जर्निगनने संमती दिली होती. परंतु आपण जगभरच्या संगणकांवर पसरणार आहोत याची कल्पना त्याला होती, असे कोणी म्हणत नाही.

हे अमेरिकेत घडले म्हणून आपण नाक मुरडण्याचे कारण नाही. शरीररचनाशास्त्राचा सगळा इतिहासच असा आहे. एडिंबरोमध्ये १८२८ साली बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा माणसे मारून त्यांचे देह विच्छेदनासाठी विकले. त्यानंतर ब्रिटिश पार्लमेंटने १८३२ साली जो कायदा केला, त्याने अनाथालयांत आणि दरिद्री-आश्रमांत मेलेल्या, कोणी दावा न केलेल्या माणसांचे देह वैद्यकशाळांना मिळण्याची सोय केली. खून थांबले, देह मात्र गरिबाचाच राहिला. मुंबई राज्याने १९४९ साली केलेल्या शरीरशास्त्र कायद्याचे तत्त्वही तेच: ठरावीक मुदतीत नातेवाईक आले नाहीत तर देह महाविद्यालयाकडे. आज स्वेच्छेने देहदान करणाऱ्यांची संख्या वाढली आहे, ही समाधानाची बाब होय. तरी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या डॉक्टरांनी पहिला धडा गिरवला तो पदपथावर नाहीतर सार्वजनिक वॉर्डात एकट्याने मेलेल्या माणसाच्या अंगावर. त्याच्या वर्गातल्या माणसांना त्या धड्याचा किती लाभ मिळाला, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

जर्निगनच्या कथेत एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. ती छायाचित्रे त्या ग्रंथालयाने विकली नाहीत. प्रारंभी परवाना घ्यावा लागे, तोही विनामूल्य. आज तेवढाही लागत नाही. जगातील कोणत्याही विद्यापीठाला ती उचलून शिकवणीचे साधन बनवता येते आणि अनेकांनी ते बनवलेही. भांडवलशाहीच्या माहेरघरात सरकारी पैशातून निर्माण झालेले ज्ञान सार्वजनिक ठेवण्याची ही रीत आहे. आपल्याकडे समाजवादाची भाषा करीत आलेल्या सरकारांनाही ती फारशी सुचली नाही.

आता या साधनांचा खरा उपयोग काय ते पाहू. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झालेली एखादी शेतमजूर स्त्री सरकारी रुग्णालयात दाखल होते. हा रोग गरिबीचा, दाटीच्या वस्तीचा. तिच्या हृदयाचा विशिष्ट आवाज ऐकायचा तर तिला डाव्या कुशीवर वळवून, स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू छातीवर हलकेच टेकवावी लागते. आवाज मंद आणि खोल असतो. नवशिक्याला तो पाच-सहा वेळा ऐकूनही कळत नाही. परीक्षेच्या हंगामात पंधरा-वीस विद्यार्थी एकामागून एक तिच्या छातीला कान लावतात. धाप लागलेली ती बाई आडवी पडून राहते, कारण 'मोठ्या डॉक्टरांनी' सांगितले आहे आणि नाही म्हणता येते हे तिला कोणी सांगितलेले नाही. हाच आवाज ध्वनिमुद्रित करून, त्याच्यासोबत हृदयाच्या झडपांचे हलते चित्र दाखवून, विद्यार्थ्याने वसतिगृहात बसून शंभर वेळा ऐकला, तर तिच्या वाट्याला एक-दोन तयार झालेले विद्यार्थी येतील आणि तिला थोडी उसंत मिळेल. संवादी सॉफ्टवेअरच्या बाजूने याहून मोठा युक्तिवाद मला दिसत नाही. शिकाऊ डॉक्टरची पहिली चूक कोणाच्या तरी अंगावर होते, आणि ती बहुधा खासगी खोलीतल्या रुग्णाच्या अंगावर होत नाही. ती चूक पडद्यावर झाली तर बिघडले कोठे?

ही कल्पना नवीनही नाही. इलिनॉय विद्यापीठातील 'प्लेटो' नावाच्या संगणकावर १९६० च्या दशकातच परिचारिका विद्यार्थिनींना हृदयविकाराच्या झटक्याने आजारी असलेल्या रुग्णाची शुश्रूषा शिकवली जात होती. विद्यार्थिनीने प्रश्न विचारायचा, यंत्राने उत्तर द्यायचे, तिने निर्णय घ्यायचा. तेव्हा रंग नव्हते, चलच्चित्र नव्हते. तत्त्व मात्र हेच होते.

आणि म्हणूनच आपल्याकडे त्याचे जे होऊ घातले आहे ते संतापजनक आहे. २०१९ पासून देशभर लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने प्रत्येक महाविद्यालयात कौशल्य-प्रयोगशाळा हवी असे ठरवले. हेतू चांगला होता. परंतु ज्या खासगी महाविद्यालयांच्या रुग्णालयांत खाटा रिकाम्या असतात, तपासणीच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून गाड्या भरून 'रुग्ण' आणले जातात आणि हजेरीपटावर कागदी प्राध्यापक असतात, त्यांच्या हाती हे सॉफ्टवेअर पडले की ते काय करतील? जे रुग्ण नाहीत त्यांच्या जागी पडदा उभा करतील. २०२५ साली केंद्रीय अन्वेषण विभागाने महाविद्यालयांच्या तपासणीतील लाचखोरीची जी प्रकरणे नोंदवली, त्यांवरून हा संशय निराधार नाही हे दिसून येते. पडदा विद्यार्थ्याला रुग्णाकडे जाण्यास तयार करतो. रुग्णाच्या अंगाला हात कसा लावावा, बाळंतिणीच्या सासूशी काय बोलावे, 'औषध घेतले का' या प्रश्नाला मिळालेले 'हो' खरे की भिडेपोटी, हे तो शिकवीत नाही. रिकाम्या रुग्णालयातील महागडा पडदा म्हणजे पालकांच्या डोळ्यांत केलेली धूळफेक होय.

याहून खोलवरचा प्रश्न पडद्यावर कोणता रुग्ण दिसतो, हा आहे. विकत आणलेल्या सॉफ्टवेअरमधील रुग्ण साधारणतः परदेशातला असतो. तो इंग्रजीत तक्रार सांगतो, त्याचा विमा असतो, आणि छातीत दुखल्यावर काही मिनिटांत रुग्णवाहिका त्याच्या दारी येते. त्यावर शिकलेला विद्यार्थी उद्या पोलादपूरच्या नाहीतर धडगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसणार आहे. तेथे त्याच्यासमोर येईल तो पहाटे पोटात कळ आली म्हणून उठलेला, पापण्या मिटू लागलेला, अंगावर दंशाची खूणही नसलेला मुलगा. त्याला मण्यार चावली आहे हे ओळखायला कोणत्या पडद्याने त्याला शिकवले?

या बाबतीत कोकणातील एक उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असायला हवे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला होते. लाल विंचवाच्या दंशाने त्या भागात माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत होती. बाहेरून आलेल्या पाठ्यपुस्तकांत या विंचवाला फारशी जागा नव्हती. बावस्करांनी एकच गोष्ट केली. ते रुग्णाच्या उशाशी बसले आणि नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची नोंद करीत राहिले. त्या नोंदींतून दिसले की विष हृदयावर आणि फुप्फुसांवर आघात करते. १९८२ साली त्यांचा निबंध 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. पुढे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी या रुग्णांना देण्यास सुरुवात केली आणि शंभरांत चाळीसच्या आसपास असलेले मृत्यू एकाच्या घरात आले. प्रयोगशाळा नव्हती, अनुदान नव्हते. होती ती सरकारी आरोग्य केंद्रातील गरीब रुग्णांची नीट ठेवलेली नोंद. तिने पाठ्यपुस्तकाला धडा शिकवला.

नोंद आणि शिक्षण या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत, हे अमेरिकेतील डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६८ साली स्पष्ट शब्दांत मांडले. डॉक्टरांचे कागद म्हणजे आठवणींची अडगळ झाली आहे, असा त्यांचा आक्षेप होता. रुग्णाच्या प्रत्येक समस्येला क्रमांक द्यावा, तिच्याविषयी रुग्ण काय म्हणतो, तपासणीत काय आढळले, निष्कर्ष काय आणि पुढे काय करायचे हे वेगळे लिहावे, म्हणजे वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याच्या विचारातील चूक दिसेल आणि शिकणाऱ्याला विचार करण्याची पद्धत दिसेल. आज जगभरचे निवासी डॉक्टर याच पद्धतीने टिपणे लिहितात; बहुतेकांना वीडचे नाव ठाऊक नसते. वीड तेवढ्यावर थांबले नाहीत. व्हर्मांट विद्यापीठाच्या रुग्णालयात १९७० च्या दशकात त्यांनी अशी संगणक-प्रणाली उभी केली की परिचारिका आणि डॉक्टर पडद्याला बोटाने स्पर्श करून नोंद करीत आणि नोंद करता करताच यंत्र त्यांना वैद्यकातील पुढचा प्रश्न सुचवी. बोटाने हाताळायच्या ज्या पडद्याचे आज एवढे कौतुक चालले आहे, तो रुग्णालयात पन्नास वर्षांपूर्वी येऊन गेला! सरकारी अनुदान आटले आणि प्रयोग मागे पडला. परंतु नोंद-वही आणि पाठ्यपुस्तक वेगळे असण्याचे कारण नाही, हा त्यांचा मुद्दा आजही तितकाच खरा आहे.

आपल्याकडे काय आहे? मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ साली सुरू झाले. पावणेदोनशेहून अधिक वर्षे या राज्यातील सार्वजनिक रुग्णालयांतून जगात क्वचितच एका ठिकाणी सापडतील इतके रोग, इतके रुग्ण, इतके अनुभव वाहून गेले. 'वाहून गेले' हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाचे कागद किमान तीन वर्षे सांभाळायचे आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायचे. तीन वर्षांनंतरचे कोणी विचारीत नाही. कागदांची बासने तळघरात नाहीतर जिन्याखाली पडतात. पावसाळ्यात ओल येते, वाळवी लागते, मग एक दिवस रद्दीवाला येतो. बेवारस देहाला निदान कायदा आहे. बेवारस नोंदीला तोही नाही. ७२ तासांचा नियम किती रुग्णांना माहीत आहे, हे कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या दारात उभे राहून विचारावे.

संगणक आल्यावर हे संपायला हवे होते. झाले ते असे. राज्य शासनाच्या वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या रुग्णालयांत एका खासगी कंपनीमार्फत दशकाहून अधिक काळ चाललेली माहिती-प्रणाली २०२२ साली देयकांच्या वादात बंद पडली. रुग्णालये पुन्हा हाताने लिहू लागली आणि शासनाला राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या प्रणालीकडे वळावे लागले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर खंडणीखोरांनी हल्ला केला आणि देशातील सर्वांत नामांकित रुग्णालयाचे काम सुमारे दोन आठवडे कागद-पेनावर चालले. एका ठिकाणी कुलूप कंत्राटदाराने लावले, दुसऱ्या ठिकाणी चोराने. रुग्णाच्या दृष्टीने आपली जुनी तपासणी दिसत नाही एवढेच खरे. तेव्हा काही मंडळी म्हणू लागली की संगणक नकोच, जुने कागद बरे. हे म्हणणे मला मान्य नाही. वाळवी ही काही लोकशाही व्यवस्था नव्हे.

मग पर्याय कोणता? दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत, एक श्रीमंत देशातील, एक आपल्या शेजारच्या राज्यातील. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालयांचे जाळे आहे आणि तेथील बहुसंख्य डॉक्टरांच्या शिक्षणाचा काही भाग या रुग्णालयांत होतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथील डॉक्टरांनी आणि नोकरीतल्याच संगणकज्ञांनी, वरिष्ठ कार्यालयाचा विरोध असताना जवळजवळ लपूनछपून, आपली नोंद-प्रणाली लिहायला घेतली. तिचे पुढचे नाव 'व्हिस्टा'. टोपेका येथील एका परिचारिकेने भाड्याची मोटार परत करताना पट्ट्यांचे चिन्ह वाचणारे यंत्र पाहिले आणि रुग्णाच्या मनगटावरचे चिन्ह औषधाच्या पुडीवरील चिन्हाशी जुळवले तर चुकीचे औषध दिले जाणार नाही, हे तिच्या लक्षात आले. तिची सूचना प्रणालीत उतरली आणि देशभर लागू झाली. काम करणाऱ्यांच्या हाती यंत्र असले म्हणजे काय होते, त्याचा हा नमुना. सरकारी पैशातून झाले म्हणून ही प्रणाली सर्वांना खुली होती. कालांतराने ती जुनी झाली, सांभाळणे खर्चाचे झाले, हे नाकारता येणार नाही. २०१८ साली सरकारने ती मोडीत काढून खासगी कंपनीची प्रणाली आणण्यासाठी सुमारे दहा अब्ज डॉलरचा करार केला. पहिल्याच रुग्णालयात डॉक्टरांनी दिलेले हजारो आदेश कोणाच्याच नजरेस न पडणाऱ्या रांगेत जाऊन पडले आणि शंभरावर रुग्णांना अपाय झाला, असे सरकारी तपासनिसांनी २०२२ साली नोंदवले. २०२३ साली पुढील रुग्णालयांतील काम थांबवण्याची पाळी आली.

दुसरे उदाहरण छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या गनियारी गावाचे. तेथे जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेचे रुग्णालय आहे. दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेत शिकलेल्या काही डॉक्टरांनी ते आदिवासी आणि गरीब शेतकऱ्यांसाठी उभारले. या रुग्णालयाच्या गरजा समोर ठेवून, केनियातील रुग्णालयांच्या कामातून वाढलेल्या एका मुक्त प्रणालीच्या पायावर, २०१३ च्या सुमारास 'बाह्मनी' नावाचे सॉफ्टवेअर तयार झाले. संगणकज्ञ एका मोठ्या खासगी कंपनीचे होते, हे सांगितले पाहिजे. परंतु तयार झालेली वस्तू खुली ठेवली गेली. कोणालाही ती फुकट घेता येते, तिच्या आत काय आहे ते वाचता येते, बदलता येते. नेपाळ आणि बांगलादेशातील रुग्णालयांनी ती वापरली. आफ्रिकेतील आणि भारतातील गरिबांच्या रुग्णालयांनी परस्परांकडून यंत्र घ्यावे आणि दलालाला एक पैसा जाऊ नये, हा आंतरराष्ट्रीयवाद भाषणांतल्याहून खरा आहे.

केंद्र सरकारने २०२१ च्या सप्टेंबरात डिजिटल आरोग्य मोहीम देशभर सुरू केली. प्रत्येकाला 'आभा' क्रमांक, नोंदी रुग्णालयाकडेच, आणि रुग्णाच्या संमतीने त्या दुसऱ्या डॉक्टरला दिसणार, अशी तिची रचना आहे. कागदावर ती वाईट नाही. इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी केंद्राने २०१६ साली सुधारलेल्या मानकांत तर नोंदीतील माहिती रुग्णाची मालमत्ता असून रुग्णालय तिचे केवळ विश्वस्त आहे, असे नि:संदिग्धपणे म्हटले आहे. क्रमांक ऐच्छिक आहे असेही सांगितले जाते. परंतु बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत तापलेले मूल कडेवर घेऊन उभ्या असलेल्या आईला खिडकीतून 'अंगठा लावा' असे सांगितले जाते तेव्हा तिची ती संमती किती ऐच्छिक असते? वॉर्डातल्या त्या शेतमजूर स्त्रीच्या संमतीइतकीच. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा इंग्रजीत वाचून हक्क बजावणारा नागरिक या रांगेत नसतो. आणि संमतीपलीकडेही प्रश्न आहे. क्षयरोग्यांची क्ष-किरण चित्रे, मधुमेह्यांच्या डोळ्यांची छायाचित्रे, लाखो केसपेपर यांवरच आज कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे रोग ओळखायला शिकत आहेत. एके काळी विद्यार्थी गरिबाच्या देहावर शिकले. आता यंत्र शिकते. विद्यार्थी निदान शासकीय सेवेत जाऊन काही परतफेड करण्याची शक्यता होती. यंत्र परत येईल ते देयक घेऊन येईल.

या सगळ्या इमारतीचा पाया कोण भरते तेही पाहावे. नोंद आपोआप होत नाही. ती आशा स्वयंसेविका, परिचारिका आणि कंत्राटी माहिती-नोंदणी कामगार करतात. २०२३ च्या ऑक्टोबरात राज्यातील आशा संपावर गेल्या तेव्हा मानधनवाढीबरोबरच ऑनलाइन कामाची सक्ती नको, हीही त्यांची मागणी होती. वृत्तपत्रांतील काहींनी त्यावरून त्यांना यंत्रविरोधी ठरवले. वस्तुस्थिती अशी की कागदी नोंदवह्या कमी न करता त्याच नोंदी पुन्हा फोनवर भरायच्या, आणि त्या भरून तिला स्वतःला काहीच परत मिळत नाही. गावातील किती बालके कमी वजनाची आहेत हे तिने भरले की ते मंत्रालयात दिसते; तिला तिच्या गावाचे चित्र कोणी दाखवीत नाही.

ती ते वाचू शकणार नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने जामखेड आणि गडचिरोली पाहावी. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले तेव्हा निवडलेल्या आरोग्यसेविकांपैकी अनेकींना अक्षरओळखही नव्हती. त्या चित्रांवरून, गाण्यांतून, एकमेकींना विचारून शिकल्या. संवादी आणि बहुमाध्यम हे शब्द तेव्हा प्रचारात नव्हते इतकेच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने प्रशिक्षित केलेल्या गावातील स्त्रियांनी घरोघरी नवजात बालके तपासली, वजने लिहिली, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखली, इंजेक्शने दिली. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. तेथे नोंद करणारी आणि नोंदीवरून उपचार करणारी व्यक्ती एकच होती. वीड यांनी व्हर्मांटमध्ये लाखो डॉलर खर्चून जे साधू पाहिले, त्याचा गाभा या स्त्रियांच्या वहीत होता.

तेव्हा मागणी काय करायची ते उघड आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने शासकीय महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना आणि निवासी डॉक्टरांना वेळ आणि पैसा देऊन, आपल्या वॉर्डांतील नोंदींतून, नाव-गाव काढून टाकून आणि रुग्णाला त्याच्या भाषेत विचारून, शिकवणीची प्रकरणे तयार करवावीत. मण्यारीचा दंश, लाल विंचू, सिकलसेलची कळ, कीटकनाशकाची विषबाधा, घरी झालेल्या बाळंतपणातील रक्तस्राव. त्यांची मराठी आवृत्ती परिचारिका आणि आशांसाठी व्हावी आणि ती आशांच्या स्वतःच्या नव्हे, शासनाने दिलेल्या फोनवर चालावी. हे सगळे खुले असावे. खासगी महाविद्यालयांनीही खुशाल वापरावे, फक्त रिकाम्या खाटांच्या बदल्यात ते मोजले जाऊ नये. घरी जाताना प्रत्येक रुग्णाला आपल्या आजाराची मराठीत छापलेली प्रत मिळावी. वैद्यकीय परिषदेचा ७२ तासांचा नियम प्रत्येक केसपेपरवर छापायला शाईखेरीज काही लागत नाही, तेवढे तर उद्यापासूनही होईल.

राज्यात नवनवीन शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू होत आहेत आणि प्रत्येकासाठी शिकवणीच्या साधनांच्या व नोंद-प्रणालीच्या निविदा निघणार आहेत. या निविदांची कागदपत्रे मागवून वाचण्याचे काम निवासी डॉक्टरांच्या, परिचारिकांच्या आणि आशांच्या संघटनांनी एकत्र येऊन करायला हवे. त्यात चार गोष्टी शोधाव्यात. प्रणालीची मूळ संहिता शासनाच्या ताब्यात राहणार की कंपनीच्या; करार संपल्यास नोंदी कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळणार; त्या नोंदींवर दुसरे यंत्र शिकवण्याचा हक्क कोणाला दिला आहे; आणि देयकाचा वाद झाला तरी रुग्णसेवा बंद पाडता येणार नाही असे कलम आहे की नाही. नसेल, तर विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना विचारण्याजोगा प्रश्न आपल्या आमदारांकडे तयार आहे.